आवक क्रमांक चारशे बारा

मोबाईल कंपनीचा दिवाळीच्या शुभेच्छांचा मेसेज आला, तर तुम्ही-आम्ही तो न वाचता पुसतो. आमच्या इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे रिसबूडकाका त्याला उत्तर पाठवत. तेही 'सेम टू यू' असलं अर्धवट नव्हे. 'आपले शुभेच्छापत्र पोचले. आभारी आहे. आपणांस व आपल्या समस्त कर्मचारीवर्गास ही दीपावली सुखाची जावो. कळावे. दा. ग. रिसबूड, कोथरूड.' एवढा मजकूर त्या काळच्या बटणांच्या फोनवर, इंग्रजी लिपीत, एकेका अक्षरासाठी तीन-तीनदा बटण दाबत लिहायला त्यांना पाऊण तास लागायचा. तोवर चहा गार व्हायचा आणि काकू गरम.

"काका, तो मेसेज यंत्र पाठवतं," मी एकदा समजावून सांगितलं.

"यंत्राला कुणीतरी सांगितलं असेल ना, की रिसबूडांना पाठव म्हणून?"

"लाखो लोकांना पाठवलाय तो."

"मग त्या लाखांपैकी एकानं तरी उत्तर द्यायला नको? काय म्हणतील ते पुण्याबद्दल?"

पुण्याबद्दल लोक काय म्हणतात हे मला चांगलं ठाऊक होतं, पण मी वाद वाढवला नाही.

मी काकांच्या घराच्या नेमकी वर, दुसऱ्या मजल्यावर राहते. एका संगणक कंपनीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची माझी नोकरी. हे काकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "आणि याचा पगार देतात? आपल्याकडे लोक हे हौसेनं करतात." तेव्हापासून आमचं जमलं.

काका स्वतः एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. हा विभाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आधी या टेबलावर येतो. त्याला नंबर पडतो, वहीत नोंद होते, मग तो साहेबांकडे जातो. उत्तर निघालं की त्याचीही नोंद, आणि शेवटच्या रकान्यात 'निकाली' असा शिक्का. बहुतेक कचेऱ्यांत हा शेवटचा रकाना शोभेसाठी आखलेला असतो. काकांच्या वहीत तो भरलेला असायचा. उत्तर निघेपर्यंत ते साहेबांच्या दारात नुसते उभे राहत, आणि साहेब वैतागून सही करत. "कागद आला, म्हणजे पलीकडे माणूस आहे," हे त्यांचं पालुपद. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी घरी येऊन आभाराचं पत्र टाकलं, आणि आठवड्यानं त्या पत्राला आवक क्रमांक काय पडला हे बघायला पुन्हा कचेरीत गेले. पडलाच नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला त्या दिवशी काय काय ऐकावं लागलं, ते काका अजून चवीनं सांगतात.

निवृत्तीनंतर आवक आटली. लाईटचं बिल, कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि मी सोसायटीची सेक्रेटरी म्हणून लावलेल्या नोटिसा, एवढंच काय ते. मी 'मंगळवारी पाण्याची टाकी धुणार' असं फळ्यावर लिहिलं की बुधवारी माझ्या दाराखालून चिठ्ठी यायची: 'आपली सूचना पाहिली. हरकत नाही.' टाकी तोपर्यंत धुऊन झालेली असायची. हरकत असती तर काय केलं असतं, हा विचार मी कधी केला नाही.

अशा माणसानं आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांत सगळ्यांत आधी मोबाईल घेतला, तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं. इनकमिंग नुकतं फुकट झालं होतं, तरी हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांकडे फोन होते. काका कंजूष नव्हते, पण तीन रुपये वाचवायला पौड फाट्यापासून चालत येणारे होते. त्याहून मोठं नवल पुढेच होतं. फोन घेतल्याच्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. 'दामोदर गणेश रिसबूड, पूर्वी राहणार सातारा, सध्या कोथरूड, यांचा मोबाईल क्रमांक पुढीलप्रमाणे.' बस्स. घर विकणे नाही, वधू पाहिजे नाही. माणूस आहे आणि त्याचा नंबर हा आहे.

दर तीन महिन्यांनी ही जाहिरात येत राहिली. पुण्याच्या आवृत्तीत नव्हे, नागपूरच्या! तिथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं मला फोन करून विचारलं, "अगं, हे रिसबूड म्हणजे कोणी मोठे गृहस्थ आहेत का?" आता काय सांगणार? मी काकांना छेडलं, "काका, नागपुरात तुमची इतकी मागणी आहे?" तर ते म्हणाले, "नंबर लोकांना माहीत असलेला बरा." आम्ही इमारतीतल्या बायकांनी यावर बराच विचार केला आणि उतारवयात प्रसिद्धीची हौस येते असा निष्कर्ष काढून मोकळ्या झालो.

जाहिरातीमुळे म्हणा किंवा कंपनीच्या कृपेमुळे म्हणा, आवक मात्र सुरू झाली. पाच आकडी नंबरांवरून मेसेज यायला लागले. 'डिअर दामोदर, रोजचं राशिभविष्य हवंय? उत्तर द्या.' 'डिअर दामोदर, क्रिकेटचा ताजा स्कोअर. उत्तर द्या.' यातली गोम अशी होती, की त्या नंबरावर 'हो' पाठवलं तरी सेवा चालू व्हायची आणि काहीही दुसरं पाठवलं तरीही चालू व्हायची. काकांनी राशिभविष्यवाल्यांना कळवलं, 'माझा फलज्योतिषावर विश्वास नाही, तरी क्षमस्व.' दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी भविष्य येऊ लागलं, तेही कन्या राशीचं. काकांची रास वृश्चिक. फोनमधली शिल्लक तेवढी गेली. कुठे, केव्हा, किती, याचा पत्ता नाही.

काकांनी याबद्दल तक्रार पाठवली. त्याच नंबरावर. भविष्य दिवसातून दोनदा येऊ लागलं.

महिन्याभरात त्यांच्याकडे विनोद, शायरी, शेअरबाजार, सौंदर्याचा रोज एक कानमंत्र आणि इंग्रजीतला रोज एक नवा शब्द, इतक्या सेवा चालू झाल्या. काकूंनी त्यांतली सौंदर्याची सेवा ताब्यात घेतली. "पैसे कापलेच आहेत, तर वसूल तरी करते," असं म्हणून त्या चेहऱ्याला मसुराच्या डाळीचा लेप लावून दार उघडायच्या. कुरियरवाला एकदा पार्सल तिथेच टाकून पळाला होता. क्रिकेटचा स्कोअर काका गेटवरच्या वॉचमनला वाचून दाखवत, कारण त्यांना स्वतःला क्रिकेट आवडत नसे आणि फुकट घालवणं त्याहून आवडत नसे.

या सगळ्यावर कळस चढवला तो प्रियानं. 'हाय दामोदर, मी प्रिया. ओळखलंस का? माझ्याशी मैत्री करशील? उत्तर दे.' हा मेसेज आला तेव्हा मी तिथेच होते.

"काका, हे पुसा. फसवणूक आहे."

"मुलगी दिसतेय. उत्तर न देणं बरं दिसत नाही."

"तिला तुमच्याशी मैत्री करायचीय!"

"म्हणून तर तातडीनं उत्तर द्यायला हवं," काका म्हणाले आणि चष्मा लावून बसले. पाऊण तासानं जावक झाली: 'चि. प्रिया, पत्र मिळाले. मी एकोणसत्तर वर्षांचा विवाहित गृहस्थ आहे. आपण अभ्यासात लक्ष घालावे. अनोळखी माणसांस असे लिहू नये. आईवडिलांस नमस्कार.' प्रियाची सेवा आठवड्याच्या दरानं चालू झाली. ती दिवसाआड लिहायची, 'तुझी खूप आठवण येते', 'आज भेटशील का'. काका तिला दर वेळी वडीलकीनं समज द्यायचे. एकदा तर तिला टायपिंगच्या परीक्षेला बसायचा सल्ला दिला. काकू पोळ्या लाटता लाटता आतून विचारत, "आज काय म्हणते तुमची प्रिया?"

आणि हे सगळं वहीत. काळ्या पुठ्ठ्याची जाड वही, लाल रेघांचे रकाने: क्रमांक, दिनांक, पाठवणाराचा नंबर, मजकूर शब्दशः, दिलेले उत्तर, आणि शेवटी निकाली. शिक्का त्यांनी तुळशीबागेतून मुद्दाम बनवून आणला होता. प्रियाच्या प्रत्येक प्रेमपत्रावर तो ठप्पकन बसायचा.

गाण्याचं प्रकरण झालं तेव्हा मात्र मी हात वर केले. कुठल्याशा मेसेजला 'पोच' म्हणून पाठवल्यामुळे काकांच्या फोनवर गाणं लागलं. म्हणजे काकांना फोन करणाऱ्याला घंटीच्या जागी एका नटीच्या कमरेचं वर्णन ऐकू यायचं. स्वतः काकांना ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. कळलं ते गुरुजींकडून. काकांच्या वडिलांच्या श्राद्धाची तिथी कळवायला त्यांनी फोन केला होता. "रिसबूड, तुमच्याकडे मी येईन," गुरुजी थंडपणे म्हणाले, "पण फोन मात्र आता तुम्हीच करत जा."

मग मी काकांना घेऊन कर्वे रस्त्यावरच्या कंपनीच्या दुकानात गेले. त्याला त्या काळी गॅलरी म्हणत. आत थंडगार हवा, लाल खुर्च्या आणि टाय लावलेला एक मुलगा. काकांनी काळी वही काउंटरवर ठेवली.

"सर, या सगळ्या सर्व्हिसेस तुम्हीच अ‍ॅक्टिव्हेट केल्यात," मुलगा स्क्रीनवर बघत म्हणाला.

"मी फक्त उत्तरं दिली."

"तेच ना सर. उत्तर द्यायचंच नसतं."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं आईवडिलांना घराबाहेर काढायचा सल्ला दिला असावा.

"तुमचीच कंपनी लिहिते, 'उत्तर द्या'. नोंद आहे. क्रमांक एकशे सोळा, एकशे एकोणीस, एकशे बावीस. वाचून दाखवू?"

"सर, ते मार्केटिंग असतं."

"मग खाली तसं लिहा. 'हे मार्केटिंग आहे, उत्तराची अपेक्षा नाही.' आमच्या कचेरीत माहितीसाठीच्या कागदावर 'केवळ माहितीस्तव' असं लिहायचो आम्ही. तेवढी रीत सरकारलासुद्धा होती."

काकांनी चार पानी अर्ज पुढे केला आणि आवक क्रमांक मागितला. असली वस्तू कंपनीकडे नव्हती. बरीच हुज्जत झाल्यावर मुलानं दारातल्या यंत्रातून निघालेला टोकनचा कागद त्यांच्या हातात दिला. त्याच्यावर सत्तेचाळीस असं छापलं होतं. काकांचं समाधान झालं. आवक क्रमांक सत्तेचाळीस, म्हणून त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि आम्ही बाहेर पडलो. अर्ज आमच्या डोळ्यांदेखत टेबलाखालच्या खोक्यात गेला. गाणं चालूच राहिलं.

"काका, नंबर बदलून टाका," मी परत येताना म्हणाले. "नाहीतर उत्तरं देणं तरी बंद करा. शंभरातला एकही मेसेज माणसाचा नसतो."

"आणि एखादा असला तर?" ते म्हणाले. स्कूटरवर माझ्या मागे बसून, वाऱ्यात, मोठ्यानं. "एखादं खरं पत्र असलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही, तर? नंबर बदलायचा नाही. तोच जाहिरातीत आहे."

मला हसू आलं. जाहिरात!

त्या हिवाळ्यात काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन आठवडे वाचायचं नाही म्हणून बजावलं. काळा चष्मा लावून काका खाटेवर बसले आणि त्यांनी पहिली व्यवस्था केली ती आवक-जावकची. काकूंनी आधीच सांगून टाकलं होतं, "मी तुमच्या प्रियाला हात लावणार नाही." म्हणून माझी नेमणूक झाली. प्रभारी लिपिक.

"रोज संध्याकाळी ऑफिसातून आलीस की बघायचं. प्रत्येकाची नोंद करायची. पाठवणाराचा नंबर आणि मजकूर शब्दशः. सारांश चालणार नाही. उत्तर तुझ्या मतीनं दे, पण दे. मला वाचून दाखवू नकोस, नाहीतर मी उठून बसेन."

मी फोन आणि वही वर घेऊन आले, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. चुका शोधून दुरुस्त करायचा मला पगार मिळतो. ही तर घरची चूक. कुठल्या नंबरावर काय लिहिलं की सेवा थांबते, हे मी ऑफिसात चार जणांना विचारून काढलं आणि एकेक करून सगळ्यांना 'स्टॉप' पाठवत सुटले. भविष्य स्टॉप. शायरी स्टॉप. शेअरबाजार स्टॉप. थांबवायच्या मेसेजलाही कंपनी पैसे कापत होती. म्हणजे पाहुणा न बोलावता येणार, आणि जायचं भाडंही आपणच द्यायचं. प्रियाला स्टॉप पाठवताना मला जरा वाईट वाटलं, इतका काकांनी तिच्यात जीव गुंतवला होता. गाणं तेवढं बधलं नाही.

आठव्या-नवव्या दिवशी एक नवाच मेसेज आला. या वेळी नंबर पाच आकडी नव्हता, दहा आकडी होता. मजकूर एवढाच: 'दामू, ओळखलंस का? उत्तर दे.'

वा, म्हटलं. डिअर दामोदरवरून आता दामूवर आले. प्रिया गेली तर तिची थोरली बहीण पाठवली, आणि साधा नंबर घेऊन, म्हणजे ओळखूच येऊ नये. मी त्यालाही 'स्टॉप' असं एका शब्दात उत्तर दिलं आणि मेसेज पुसला. नोंद तेवढी केली. खरं म्हणजे कंटाळा आला होता, पण काका वही तपासणार हे ठाऊक होतं. क्रमांक चारशे बारा. नंबर, मजकूर शब्दशः, उत्तर: स्टॉप. आणि शिक्का मारला, निकाली.

दोन आठवडे झाले. रविवारी सकाळी मी वही आणि फोन परत करायला खाली गेले. काकांच्या डोळ्यावरची बंदी उठली होती. मी फुशारकीनं म्हणाले, "काका, सगळं बंद. आता तुम्हाला जगात कोणी त्रास देणार नाही." काकू स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. काकांनी भिंग घेतलं आणि एकेक नोंद तपासायला लागले. प्रियाच्या नोंदीशी थांबून "हं" म्हणाले. पान उलटलं. मग भिंग एका जागी थांबलं ते हलेचना.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. नवीन युक्ती होती त्यांची. ओळखलंस का, वगैरे."

"तसं नव्हे. हा शब्द. हा त्यांनी लिहिला होता का तू लिहिलास?"

"कुठला?"

"दामू."

"मजकूर शब्दशः म्हणालात तुम्ही."

काकांनी भिंग खाली ठेवलं. काकू पुढे आल्या, वहीत वाकून पाहिलं आणि एकदम खाटेच्या कडेवर बसल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "विनू भावजी."

मग काकूंनीच सांगितलं.

विनायक म्हणजे काकांचा पाठचा भाऊ, दीडच वर्षांनी लहान. त्यामुळे त्यानं कधी यांना दादा म्हटलं नाही, दामूच म्हणायचा, आणि हाही काकांच्या रागाचा एक मुद्दा होता. काकांनी साहेबांचे पाय धरून त्याला आपल्याच कचेरीत चिकटवलं. सहा महिन्यांत त्यानं राजीनामा दिला. कॅमेरा घेतला आणि कुणाबरोबर तरी फोटो स्टुडिओ काढायला विदर्भात निघून गेला. काकांची कचेरीत नाचक्की झाली. वर्षभरानं त्याचं पत्र आलं. चुकलो असेन, पण इथे बरा आहे, तू रागावला आहेस का, उत्तर दे.

"यांनी त्या पत्रावर काय लिहिलं माहितीये?" काकू म्हणाल्या. "लाल शाईनं. 'फाईल करावे.' आणि दिलं पेटीत टाकून."

कचेरीत ज्या कागदाला उत्तर द्यायचं नसतं, त्यावर हा शेरा मारतात. चौतीस वर्षांत काकांनी तो एकदाच मारला, तोही घरच्या पत्रावर. पुढे दोन वर्षांनी राग उतरला, तेव्हा त्यांनी पत्र लिहिलं. ते परत आलं. 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.' मग माणसं पाठवली, चौकशा केल्या. मोबाईल निघाला तसा मोबाईल घेतला. जाहिरात नागपूरच्या आवृत्तीत का, ते आता मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एकतीस वर्षांनी त्या माणसाला उत्तर मिळालं होतं, आणि ते मी दिलं होतं. स्टॉप.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी काहीतरी पुटपुटले, यंत्र, फसवणूक, दहा आकडी नंबर. काका माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नंबर लिहिलायस ना," ते म्हणाले. "फोनमधून पुसलास, पण वहीत लिहिलायस. मग झालं तर." आणि त्यांनी फोन हातात घेतला.

फोन लागेना. शिल्लक संपली होती. भविष्यानं, गाण्यानं आणि माझ्या स्टॉपांनी मिळून ती संपवली होती. मी माझा फोन पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. "माझ्याच नंबरावरून गेलं पाहिजे. तो हाच नंबर ओळखतो." मी चपलाही न घालता खाली धावले, कोपऱ्यावरच्या दुकानातून रिचार्जचं कार्ड आणलं. वर येऊन ते मीच खरवडलं.

फोन भरल्यावर मात्र काका फोन करेनात. "आवाज ऐकून त्यानं ठेवून दिला तर?" म्हणाले. "आधी लेखी." डोळ्याला पाणी येत होतं, त्यामुळे मलाच लिहायला सांगितलं. प्रियाला पाऊण तासात पानभर उपदेश करणारा माणूस पहिल्या वाक्यावर अडला. पंख्याकडे बघत बसला. शेवटी कचेरीतल्या आवाजात सांगायला लागले आणि मी बटणं दाबत राहिले.

'चि. विनू यास. पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. स्टॉप हे माझे नव्हे, प्रभारी लिपिकाचे. आईचा फोटो तुझ्याकडे असल्यास कळवावे, माझ्याकडे एकही नाही. दामू.'

'क्षमा असावी' ही ओळ त्यांनी हजारो पत्रांत सांगितली असेल. या वेळी ती सांगून ते थांबले आणि म्हणाले, "लिहिलंस ना नीट?"

त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ऑफिसातून सुटले की थेट त्यांच्या दारात. काकू नुसती मान हलवायच्या. काकांनी त्या दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्याही मेसेजला उत्तर दिलं नाही. न जाणो, आपण लिहीत असताना त्याचा यायचा, म्हणून.

तिसऱ्या संध्याकाळी मी तिथे असतानाच फोन वाजला. काकांनी नंबर पाहिला, उठून उभे राहिले आणि उभ्यानंच फोन कानाला लावला. फोनचा आवाज एवढा मोठा होता की पलीकडचं आम्हाला ऐकू येत होतं.

मग पलीकडून घोगरा आवाज आला. "दामू, हे असलं गाणं तू लावलं का रे?"

काका हसले असावेत. चेहरा तसा झाला, पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि काळ्या चष्म्याखालून ओघळलं. काकू धावल्या, "अहो, डोळ्याला पाणी लागेल, ऑपरेशन झालंय!" काकांनी हातानंच त्यांना बाजूला केलं.

"आणि मले स्टॉप काहून म्हटलं बे?" पलीकडून आवाज म्हणाला. तोही आता ठीक नव्हता.

"भाषा बिघडली तुझी," काका म्हणाले. "पार बिघडली. बोल. बोलत राहा."

मी उठून बाहेर आले.

गोंदियाला त्याचा स्टुडिओ होता म्हणे. जाहिरात त्यानं दीड वर्षापूर्वीच पाहिली होती, कात्रण पाकिटात ठेवून फिरत होता. त्यालाही धीर होत नव्हता. 'ओळखलंस का' एवढं लिहायला त्याला इतका वेळ लागला. पुढच्या महिन्यात तो येणार आहे, आईचा फोटो मोठा करून. काकूंनी आतापासून मसुराचा लेप लावायला घेतलाय.

दुसऱ्या दिवशी मी वही पुरी करून द्यावी म्हणून बसले. चारशे बाराच्या पुढे माझा शिक्का होता, निकाली. काकांनी त्यावर स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारून, बाजूला सही करून तो रद्द केला होता. खाली विनूच्या फोनची नोंद होती. मी विचारलं, "काका, आता मारू का शिक्का? मिटलं ना हे प्रकरण."

काकांनी शिक्का माझ्या हातातून काढून घेतला आणि शाईच्या डबीसकट खणात ठेवून दिला.

"चालू आहे ते," ते म्हणाले. "राहू दे चालू."